भाजीची चिठ्ठी लिहून दिली तर सासू ऐकंल का?

या हप्त्याचं पत्र. मूळ पत्र सहा पानांचं होतं, मी कामापुरतं ठेवलंय.

"आक्का, नमस्कार. मी बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. उपकेंद्रातल्या मॅडम गरोदर बायांचं रक्त तपासतात, कार्डावर लिहितात हिमोग्लोबिन 8, कुणाचं साडेआठ, अन् खाली लिहितात हिरव्या पालेभाज्या व फळं खा. बाया बाहेर आल्या की मला विचारतात, खा म्हणायलेत पण आणायचं कशानं? मला उत्तर सुचत नाही. परवा मोबाईलवर बघितलं की अमेरिकेत डॉक्टर भाजी-फळांची चिठ्ठी लिहून देतात, ती दुकानात दाखवली की माळवं फुकट मिळतं. आमच्या ग्रामसंघाकडं, म्हणजे गावातल्या बचतगटांच्या संघाकडं, मसाल्याच्या धंद्याचे 36,000 रुपये नफ्याचे पडून आहेत. बाया तयार आहेत. गावात अडलेली 40 घरं आहेत, सगळ्यांना द्यावं वाटतं. सरपंच म्हणतात बॅनर लावून उद्घाटन करू. मॅडम म्हणतात मी असली चिठ्ठी लिहिली तर वरून विचारणा होईल. माझ्या सासूबाई म्हणतात लोकाचं पोट भरायला निघाली. अन् ज्या बाईसाठी माझा जीव तुटतो ती ओली बाळंतीण आहे, तिची सासू म्हणते पालेभाजी वातूळ, लेकराचं पोट दुखतं, घरात आणायचीच नाही. करावं का हे? करायचं तर कसं?"

बाई गं, करावं. पण 40 घरांत नको, अन् बॅनर तर अजिबात नको. आता चहा ठेवून बस, कारण मी 27 वर्ष अंगणवाडीची मुख्यसेविका म्हणून परभणी-हिंगोलीकडं फिरले आणि या पालेभाज्या खा, फळं खा म्हणण्याचा मला स्वतःलाच इतका वीट आलाय की तुझं पत्र वाचून मला वाटलं चला, कुणीतरी विचारलं एकदाचं.

आधी ते मोबाईलवरचं. ते खरं आहे. अन् त्याची सुरुवात मोठ्या शहरातल्या पॉश दवाखान्यात झालेली नाही, ती झाली मिसिसिपी राज्यात माउंड बायू नावाच्या गावात, 1960 च्या दशकात. सगळा कापसाचा मुलूख, काळे मजूर, कापूस वेचायची मशीन आली अन् हाताचं काम गेलं, घरात खायला नाही. तिथं जॅक गायगर नावाच्या डॉक्टरनं दवाखाना काढला, तर लेकरं यायची ती जुलाब अन् इन्फेक्शन घेऊन, पण मुळात उपाशी. मग तिथल्या डॉक्टरांनी काय केलं, औषधाच्या चिठ्ठीवर खाण्याचंच लिहून द्यायला लागले, गावातल्या किराणा दुकानदारांना सांगितलं चिठ्ठी आली की माल द्या, बिल आमच्या औषधाच्या खात्यावर टाका. वॉशिंग्टनच्या साहेबांना कळलं, ते तावातावानं विचारायला लागले की औषधाचा पैसा औषधालाच पाहिजे. तर गायगर म्हणाले, आम्ही पुस्तकात बघितलं, कुपोषणावरचा इलाज अन्न असाच दिलाय. साहेब गप. (असं उत्तर द्यायची संधी मला नोकरीत एकदा जरी मिळाली असती तर मी पेढे वाटले असते.) पुढं तिथल्याच लोकांनी सहकारी शेती काढून माळवं पिकवायला सुरुवात केली, पण ती वेगळी गोष्ट.

आत्ता तू बघितलंस ते त्याचंच नातवंड म्हण. होलसम वेव्ह नावाच्या संस्थेनं 2010 च्या सुमारास फळ-भाजीची चिठ्ठी सुरू केली, 2018 च्या तिथल्या शेती कायद्यात त्याला सरकारी पैसा मिळायची सोय झाली. रीत साधी आहे. दवाखान्यात आलेल्या माणसाला साखर, बीपी असलं काहीतरी आहे अन् घरात खायची ओढाताण आहे असं दिसलं की त्याला व्हाउचर नाहीतर कार्ड मिळतं, ते ठरलेल्या दुकानात किंवा शेतकरी बाजारात फक्त ताज्या फळ-भाजीवर चालतं, महिन्याला भरतं, अन् काही महिने चालतं.

यातनं खरोखर आजार बरा होईल का, हे तू पत्रात विचारलं नाहीस पण सरपंच विचारतील, म्हणून सांगते. 2023 मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला, 12 राज्यांतले 9 कार्यक्रम, जवळपास 4,000 माणसं. त्यात लोकांचं फळ-भाजी खाणं वाढलेलं दिसलं, साखर उतरलेली, बीपी उतरलेलं. वाचून मी पण खूश. पण त्यात चिठ्ठी न मिळालेल्या माणसांशी तुलनाच नव्हती. त्याच वर्षी दुसरा अभ्यास आला, त्यात डायबेटिसच्या पेशंटचे सोडत काढून दोन गट केले, एकाला भाजीपाल्यासकट जेवणाचं सामान अन् आहारतज्ज्ञाचा सल्ला दिला, दुसऱ्याला थांबवलं. साखर दोन्हीकडं उतरली, जवळपास सारखीच. म्हणून सांगते, सहा महिन्यात सगळ्यांचं एचबी, म्हणजे कार्डावरचं ते हिमोग्लोबिन, 11 करून दाखवू असं कुणालाही कबूल करू नको. भाजीनं ताटात भाजी येते, एवढं नक्की. बाकीचं गोळीनं, वेळेनं अन् नशिबानं.

आपल्या देशातलं एक मात्र पक्कं आहे, ते तुझ्या मॅडमला दाखव. झारखंडमध्ये टीबीच्या पेशंटच्या घरच्यांवर अभ्यास झाला, डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी केला, 2023 ला लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी नियतकालिकात छापला. पेशंटला तर शिधा दिलाच, पण एका गटात घरातल्या माणसांना पण माणशी महिन्याला 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ अन् जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या गटात फक्त पेशंटलाच. तर ज्या घरांत सगळ्यांना मिळालं तिथं टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झालं. तांदूळ अन् डाळीनं बघ, कुठल्या लशीनं नाही. यावरनं आठवलं, तुझ्या 40 घरांत कुणी टीबीच्या गोळ्या खात असंल तर त्याच्या खात्यात निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1,000 रुपये येतात का बघ आधी, नोव्हेंबर 2024 पासून 500 चे 1,000 झालेत. खातं लिंक नसल्यानं अडकलेलं असतं लई वेळा. तसंच पहिलटकरणींच्या मातृवंदना योजनेच्या 5,000 चा फॉर्म भरलाय का बघ. जे सरकारकडनं हक्काचं यायचंय ते आधी आण, ग्रामसंघाचा घामाचा पैसा त्याच्यानंतर.

आता हिशोब. इथं जरा सावकाश वाच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 ला जे ताट सांगितलंय त्यात एका मोठ्या माणसाला दिवसाला 400 ग्रॅम भाज्या अन् 100 ग्रॅम फळं. पाच माणसांचं घर धर, दिवसाला दोन किलो माळवं अन् अर्धा किलो फळ झालं. हप्त्याचं 14 किलो माळवं! आपल्याकडं बागायतदाराच्या घरात पण एवढं शिजत नाही गं. रेशनवर माणशी 5 किलो धान्य फुकट मिळतं, अन् आपल्या मराठवाड्यातल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना 2023 पासून धान्याऐवजी माणशी महिन्याला 150 रुपये खात्यावर यायला लागले, 2024 ला त्याचे 170 झाले, पण माळवं ना कोट्यात बसतं ना त्या पैशात. म्हणून मजुराच्या घरात भाकर असते, सोबत येसराची आमटी नाहीतर ठेचा असतो, अन् माळवं असतं ते फक्त बाजाराच्या दिवशी अन् दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

तू 40 घरांना हप्त्याला शंभराचं कूपन दिलं तर हप्त्याला 4,000 गेले, नऊ हप्त्यात डबा खाली. नऊ हप्त्यात काय होतं? बायांना सवय लागायच्या आत बंद होतं अन् 40 घरं तुझ्यावर नाराज. मी म्हणते 12 बाया घे. घरं म्हणत नाही मी, बाया म्हणते. बाराला शंभर म्हणजे हप्त्याला 1,200. अन् सलग चालवू नको, कारण तुझ्या भागातलं निम्मं गाव दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्यावर जातं. दिवाळीला योजना सुरू केलीस तर ज्यांना द्यायचं त्या बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कोल्हापूरकडं गेलेल्या असतील अन् तुझी चिठ्ठी घ्यायला गावात उरतील ते ज्यांना गरज कमी. म्हणून जूनमध्ये मृगाला सुरू कर, दसऱ्यापर्यंत 17 हप्ते. मग बंद. चैत्रात टोळ्या परत आल्या की पुन्हा 11 हप्ते, उन्हाळाभर. 28 हप्ते गुणिले 1,200 म्हणजे 33,600. उरले 2,400, त्यात कूपन छापणं, शिक्का, वही अन् कुणाला दवाखान्यात न्यायला रिक्षा.

12 बाया निवडायच्या कशा यावर गावात भांडण होणार, ते धरूनच चाल. तोंड बघून निवडू नको, नियम करून निवड अन् तो नियम ग्रामसंघाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखव. मी तर असा करीन, बाई गरोदर नाहीतर मांडीवर सहा महिन्याच्या आतलं लेकरू, अन् घरात ओलिताची जमीन नाही. बस. अमेरिकेत पेशंटला दोन प्रश्न विचारतात, गेल्या वर्षात घरातलं खाणं संपायची काळजी वाटली का, अन् खरंच संपलं तेव्हा आणायला पैसे नव्हते असं झालं का. आपल्याकडं असं विचारलं तर बाई पदर सावरून म्हणंल, नाही हो ताई, सगळं आहे देवाच्या दयेनं. उपाशी होते म्हणणारी बाई मी 27 वर्षांत दोनच बघितल्या. तू असं विचार, मागल्या बाजारात काय काय आणलंस? अन् ते कधीपर्यंत पुरलं? ती मोजून सांगती बघ, पावशेर वांगे, एक गड्डी कोथिंबीर, संपलं.

एचबी 7 च्या खाली असंल तर त्या बाईला चिठ्ठीबिठ्ठी काही नाही, तिला सरळ मोठ्या दवाखान्यात ने, तिला रक्त लागू शकतं. अन् बाकीच्यांनी पण लोहाची गोळी सोडायची नाही, गरोदरपणात रोज एक, 180 दिवस, अन् एचबी 11 च्या आत असंल तर रोज दोन, मॅडम सांगतील तशी. पालकात लोह आहे पण अंगाला लागतं थोडंच, नुसत्या भाजीवर 8 चं 11 होत नाही. भाजीवर लिंबू पिळलं, सोबत पेरू-आवळा खाल्ला तर लोह अंगी लागायला मदत होते, अन् जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटं होतं. आपल्या बायांचं तर जेवणच चहा-भाकर, ते मोडणं भाजी आणण्यापेक्षा अवघड आहे, तो विषय पुन्हा कधीतरी.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. चिठ्ठी कुणासाठी असते? तू म्हणशील दुकानदारासाठी. मला पण तसंच वाटायचं.

जिंतूरकडं असताना एक पोरगी होती, सातवा महिना, डोळ्याखाली पांढरीफट. मी एक दिवस स्वतःच्या पैशानं मेथीच्या चार गड्ड्या नेऊन दिल्या, तिच्या सासूच्या हातात नाही, तिच्याच हातात. दुसऱ्या दिवशी विचारलं खाल्लीस का, तर म्हणली हो. काय काय जेवलीस म्हणलं तर भाकर अन् ठेचा. अगं मग मेथी? तर खाली बघून म्हणली, मामंजीला लई आवडती, अन् दीर शेतातनं आले होते. तिनं कढई पुसून खाल्ली होती भाकरीनं. मला इतका राग आला, पण कुणावर काढायचा? घरात कुणी वाईट नव्हतं. वाढायची रीतच तशी, आधी गडी, मग लेकरं, मग सासू, मग उरलं तर ही. माळवं वाढलं तरी ते वरच्यावरच संपतं, तिच्यापर्यंत पोचतच नाही.

तर त्याच घरात फळीवर एक टॉनिकची बाटली होती, दवाखान्यातनं आणलेली. लाल, गोड. घरात चार लेकरं असून तिला कुणी हात लावलेला नव्हता. का? तर ते औषध होतं, अन् ते हिचं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिथल्या डॉक्टरांना म्हणलं साहेब, केसपेपरवर टॉनिकच्या खाली अजून एक ओळ लिहा, मेथीची भाजी, सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. ते हसले पण लिहिलं. अन् पुढल्या खेपेला सासूच मला सांगायली, वाट्या मोजून देते हो मी, औषध आहे ना, मधी खाडा नको. तीच सासू!

म्हणून तुझ्या चिठ्ठीवर घराचं नाव नको, बाईचं नाव पाहिजे. अन् डोस पाहिजे. किती वाट्या, कधी, किती दिवस. तुला मॅडमची अडचण आहे ना, तर मॅडमला वेगळा कागद लिहायला लावूच नको. ती माता-बाल कार्डावर नाहीतरी लिहितेच पालेभाज्या खा म्हणून, तिला म्हण त्याच ओळीला एवढंच जोडा, रोज दोन वाट्या, 12 हप्ते. याला वरून कोण काय विचारणार आहे? कूपन मात्र ग्रामसंघाचं, शिक्का ग्रामसंघाचा, त्यात सरकारचा काही संबंध नाही. घरात दाखवायला मॅडमचं अक्षर, बाजारात दाखवायला गटाचं कूपन. दोन कागद, दोन कामं.

पण एक कबूल करते, हे पूर्ण चालंल असं नाही. ताटात मेथी असली अन् समोर तीन वर्षाचं लेकरू बसलं तर कुठली माय एकटी खाईल. म्हणून शंभर रुपये तिच्या एकटीच्या वाटीपेक्षा जास्त होतात ते चांगलंच आहे, लेकरांचं त्यात धरूनच चाल.

कूपन शंभराचं एक छापू नको. वीस-वीसची पाच छाप. फ्रिज कुणाकडं आहे? पालेभाजी दुसऱ्या दिवशी मान टाकती, एकदम शंभराचं घेऊन काय करंल. अन् सुट्ट्याची कटकट पण नको. नंबर टाक, तारीख टाक, हप्ता संपला की कूपन संपलं. त्यावर पालेभाजी, वांगे, दोडके, गवार, भेंडी, शेवगा, टमाटे, लिंबू अन् कुठलंही फळ चालंल. कांदा-बटाटा नको, तो त्या घेतातच.

दुकान कुठलं? अमेरिकेत नवाजो आदिवासींच्या भागात 2015 ला ही चिठ्ठी सुरू झाली. तिथं वस्त्या लांबलांब, मोठं दुकान गाठायचं तर निम्मा दिवस जातो, म्हणून त्यांनी गावातल्या छोट्या दुकानदारांनाच धरलं अन् गिऱ्हाईक पक्कं झाल्यावर तेच दुकानदार ताजी भाजी ठेवायला लागले. हे वाचून तुला वाटंल आपल्या किराणावाल्यालाच द्यावं. नको. तिथं दुसरं कुणी नव्हतं म्हणून त्यांनी तसं केलं, आपल्याकडं भाजीवाली आहे. किराणा दुकानात कूपन गेलं की त्याची बिस्किटं होतात, पुड्या होतात, नवरा शंभराचं कूपन सत्तरला मोडून येतो. भाजीवालीकडं माळव्याशिवाय काही नसतंच. तुझ्या गावात टोपली घेऊन येणारी कुणीतरी असंल ना, नाहीतर बाजाराच्या दिवशी ओट्याच्या खाली पोतं टाकून बसणारी, तिच्याशी बोल. पण तिचे पैसे त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, मोजून हातात. तिचं भांडवल असतं पाचसातशेचं, पहाटे मोंढ्यातनं रोखीनं उचललेलं, तिला महिन्यानं बिल द्या म्हणलंस तर ती दुसऱ्या बाजारला येणारच नाही अन् योजना तिथंच मरंल. मी असल्या चार योजना बिलापायी मेलेल्या बघितल्यात. एका संस्थेनं तर आमच्याकडं फळांच्या टोपल्या वाटल्या, फोटो काढले, पपई इतकी पिकलेली की घरी जाईस्तोवर पिशवीत रस, अन् ज्या शेतकऱ्याची पपई होती त्याचे पैसे मिळाले पुढल्या पाडव्याला.

गटातल्या कुणाच्या विहिरीला पाणी असंल तर दोन गुंठ्यात मेथी-शेपू-चुका टाकायला सांग अन् तिचंच कूपन घे, पैसा गावातच फिरंल. परसबागेचं मात्र आत्ताच डोक्यात घेऊ नको. अंगणवाडीची परसबाग मी सहा ठिकाणी लावली, पाच शेळ्यांनी खाल्ल्या अन् एक पाण्यानं गेली.

पावसाळ्यात तर अर्धं माळवं फुकटच असतं, तांदुळजा, पाथरी, घोळ, कुर्डू, तरोट्याचा कोवळा पाला. जुन्या बायांना सगळं ओळखू येतं, नव्या सुनांना लाज वाटते की गरिबाचं खाणं म्हणून. तेव्हा कूपन फळाला अन् लिंबाला वापरा म्हण. भादव्यानंतर तुमच्या डोंगरात सीताफळं लागतात, पण बाया ती पाटीत भरून विकायला नेतात अन् येताना लेकराला पाच रुपयाचा पुडा आणतात. त्यांना खा म्हणायचा आपल्याला काय अधिकार, पैसा लागतोच की. पण कूपन असलं तर पाटीतली चार सीताफळं घरी राहतील असा माझा अंदाज आहे, तू बघून मला कळव.

उन्हाळ्यातले 11 हप्ते अवघड आहेत. माळवं नसतंच अन् असतं ते सोन्याच्या भावात, लिंबू तर विचारू नको. तेव्हा कूपनचा नियम सैल कर, मटकी-हुलगे घेऊ दे, मोड आणून खाल्ले की त्यात सी जीवनसत्त्व वाढतं. कैरी आहे, चिंच आहे, टरबूज स्वस्त होतं वैशाखात, शेवग्याचा पाला तर बांधाबांधावर आहे. अन् भाकरीचं पण बघ, परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठातनं 2018 ला परभणी शक्ती नावाची जवारी आली, लोह अन् जस्त जास्त असलेली. कुणाच्या रानात पेरा होत असंल तर बियाण्याची चौकशी करायला हरकत नाही. भाकर तर रोज दोन्ही वेळेला पोटात जातेच.

वही एकच ठेव. नाव, कूपन नंबर, काय घेतलं, कधी. तीन महिन्यांनी मॅडम एचबी बघतीलच, तो आकडा शेजारी लिही, पण योजना चालली का नाही हे त्यावर ठरवू नको. किती कूपनं वापरली गेली अन् किती तशीच परत आली ते बघ. परत आलेल्या कूपनच्या घरी जाऊन बस, काय अडलं ते कळंल. कुणाला बाजारला जाऊच देत नसतील, कुणाला रोजगार बुडतो, कुणाला फुकटचं घेताना लाज वाटती.

सरपंचांना नाराज करू नको पण बॅनरपण नको. बॅनरवर बाईचा फोटो आला की गावात होतं, हिच्या घरी खायला नाही. मग ती मेली तरी कूपन घेणार नाही. त्यांना गोडीत म्हण, दादा, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, ते यंदा कशावर खर्च झाले? अन् मग गप बस, त्यांना बोलू दे. आरोग्य, पोषण अन् स्वच्छतेची जी गावसमिती आहे तिला पण वर्षाला 10,000 पर्यंत खुला निधी येतो, तू तर त्या समितीवर असशीलच. पुढल्या वर्षीचं माळवं तिथनं निघू शकतं, यंदाची वही भरलेली असली तर.

तुझ्या सासूबाईंचं काय, लोकाचं पोट भरायला निघाली म्हणतात, म्हणू दे. त्यांना वहीचा हिशोब करायला बसव, गणित चांगलं असंल तर.

राहिली ती ओली बाळंतीण. तिच्या सासूशी वाद घालू नको, अन् पालेभाजी चांगली असते असं तर चुकून पण म्हणू नको, ते वाक्य ऐकून ऐकून त्या बाईचे कान किटले असतील. तू तिच्या घरी जा, ओसरीवर बस, पाणी माग, अन् विचार, मामी, तुमच्या बाळंतपणात तुमच्या मायनं काय काय खायला घातलं होतं? ती सुरू होईल. डिंक, हळीव, बाजरीची भाकर, अन् मग आपोआप निघंल शेपू. मेथी. लसणाची फोडणी देऊन. आपल्या आज्यांनी बाळंतिणीला शेपू घातलाच होता, दूध यावं म्हणून, वात बसावा म्हणून. मग पहिल्या हप्त्याची पाच कूपनं तिच्याच हातात दे, सुनेच्या नाही, अन् म्हण, मामी, शेपू कवळा कुठला ते तुम्हालाच कळतं, तुम्हीच निवडून आणा.